दोनदा दाबला की लागतो

“ब्रेक ना, जरा दोनदा दाब, मग लागतो.” आमच्या गाडीबद्दल हे वाक्य मी वर्षभर घरातल्या प्रत्येकाला ऐकवलंय. जणू काही ते एक फीचरच आहे!

मागच्या महिन्यात ताम्हिणी उतरत होतो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, पाय सतत ब्रेकवर. वळणावर पुढे टेम्पो दिसला, ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. पटापट तीनदा दाबल्यावर गाडी कशीबशी थांबली. मागे आई डुलकी काढत होती. तिला आजवर सांगितलेलं नाही.

प्रकार साधा आहे. ब्रेक ऑईल दाबलं तरी फारसं आकसत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. लाईनमध्ये हवा असली की तो जोर बुडबुडा दाबण्यातच संपतो. त्यात हे ऑईल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं प्रमाण आहे. पाणी मुरल्यावर हीच हद्द १४० वर येते. घाटात ब्रेक तापले, ऑईल उकळलं, की वाफेचे बुडबुडे वेगळेच!

दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडे मीच सीटवर बसलो. तो ओरडला, “दाबून धरा!” त्याने चाकामागचं निपल सैल केलं, नळीतून बाटलीत काळपट ऑईल आणि बुडबुडे आले. निपल आवळल्यावरच “सोडा!” आधी पाय उचलला तर हवा परत आत. वरची टाकी मधेमधे भरत, चारही चाकांचं हेच. (एबीएसवाल्या काही गाड्यांना स्कॅनरही लागतो.) पाऊण तासात पेडल दगडासारखं घट्ट!

वर्षापूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात मागचा व्हील सिलिंडर बदलला, तेव्हा हवा नीट काढलीच नव्हती. त्यांना शिव्या घालणार होतो. पण वर्षभर दोनदा दाबत कोण होतं? ऑफिसात कोणी “रीस्टार्ट केलं की चालतं” म्हटलं की मी अंगावर जातो, आणि इथे?

माझं मत विचाराल तर, हवेपेक्षा सवय जास्त घातक. हवा पाऊण तासात निघते. पेडल मऊ लागलं की त्याच दिवशी गाडी दाखवा, आणि हवा शिरली कुठून तेही विचारा. नाहीतर नुसती हवा काढणं हासुद्धा रीस्टार्टच.

असो. आईला सांगावं म्हणतोय. या रविवारी.