चिवराचे जोड मोजायला शिका

पैठणीच्या मोरावर आणि रुईफुली काठावर पानंच्या पानं लिहिली जातात. पण ज्या वस्त्राच्या आखणीमागचा विचार ग्रंथात नोंदलेला आहे, त्या चिवराकडे आपलेच तरुण नीट पाहत नाहीत. भन्तेजी विहारात येतात, आपण वंदन करतो. पण त्यांच्या चिवरावरचे जोड आपल्याला दिसत नाहीत.

विनयपिटकातल्या महावग्गात ही हकीकत आहे. तथागत राजगृहाहून दक्षिणगिरीकडे निघाले असताना त्यांना मगधातली शेतं दिसली: सरळ पट्ट्या, आडवे-उभे बांध, चौकोनी वाफे. भिक्खूंची चिवरं अशी करता येतील का, असं त्यांनी आनंदांना विचारलं. आनंदांनी तशी करून दाखवली. लांब जोड म्हणजे कुसी, आखूड जोड म्हणजे अड्ढकुसी. खंड किमान पाच.

माणमध्ये राहणाऱ्या आम्हाला ही आखणी अनोळखी नाही. आयटी पार्क आला, तरी मुळशी तालुका भाताचा. पावसाळ्यात खाचरांचे बांध पाहा, चिवर समजेल.

अखंड कापड का कापायचं? कापलेल्या कापडाला बाजारात किंमत राहत नाही, चोराला मोह होत नाही. आणि संघात आलेला शाक्य राजपुत्र असो, न्हावी उपाली असो की झाडू मारणारा सुनीत, आखणी सगळ्यांना तीच.

आता मनुस्मृतीचा दहावा अध्याय पाहा. तिथे चांडाळाने प्रेतावरची वस्त्रं नेसावीत, अशी सक्ती आहे. भिक्खूसुद्धा स्मशानातल्या चिंध्या उचलत. मग फरक काय? मनूने ती चिंधी जन्मावरून लादली, माणूस हीन म्हणून ओळखू यावा यासाठी. संघात ती धुतली, कापली, रंगवली आणि राजपुत्रानेही अंगावर घेतली.

काही जण विचारतात, डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची ओळख सांगणारी लुगड्याची पद्धत सोडायला सांगितली. मग चिवर ही ओळख नाही का? आहे. पण ती स्वतः स्वीकारलेली ओळख आहे, आणि ती जात सांगत नाही.

वर्षावास संपल्यावर चिवरदान होईल. तेव्हा नुसतं पाकीट आणि फोटो नको. भन्तेजींना विनंती करा, चिवर उलगडून मुलांना दाखवा. मुलांना खंड मोजू द्या आणि ही आखणी कुठून आली, ते सांगा.

जय भीम! नमो बुद्धाय!