नाविकांचे ताट

सुट्टीत कोकणातून पाहुणे आले की मुंबईची सफर ठरलेली असते: राणीची बाग, हाजी अली आणि शेवटी गेटवे ऑफ इंडिया. मुले कबुतरांमागे धावतात, फोटो निघतात आणि आपण परत फिरतो. पुढच्या वेळी गेटवेच्या कठड्यापाशी थोडे जास्त थांबा. उत्तरेकडे राखाडी रंगाची जहाजे दिसतात, ती नौदलाची गोदी.

ही गोदी फार जुनी आहे. 1736 मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून इथे जहाजे बांधायला आले. त्यांच्या घराण्याने मलबारच्या सागवानातून बांधलेली जहाजे इतकी टिकाऊ होती, की 1817 साली इथून पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात पाहायला मिळते.

या गोदीशी आपल्या कोकणचे नाते नोकरीचे. ‘रॉयल इंडियन मरीन’मध्ये रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील मुसलमान घरांतली मुले मोठ्या संख्येने भरती होत. 1934 मध्ये तिचे नाव ‘रॉयल इंडियन नेव्ही’ झाले. पगार घरी यायचा. पण बोटीवर काय सोसावे लागते, ते पत्रात कोण लिहिणार?

18 फेब्रुवारी 1946 रोजी ते साऱ्या शहराला कळले. कुलाब्याच्या ‘तलवार’ या प्रशिक्षण केंद्रातील नाविकांनी निकृष्ट जेवण नाकारले आणि काम बंद केले. ताट हे निमित्त होते. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, पगारातला भेदभाव आणि परकी सत्तेचा राग असे बरेच काही साचले होते. दुसऱ्या दिवशी नाविकांनी संपाची मध्यवर्ती समिती निवडली. अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट पक्ष यांचे झेंडे एकत्र फडकले. संप 78 जहाजांवर आणि कराचीसह अनेक बंदरांत पोहोचला.

टाऊन हॉल, म्हणजे आजची एशियाटिक लायब्ररी, तिच्या मागे कॅसल बराक्स होत्या. आज तिथे नौदलाचा ‘आंग्रे’ हा तळ आहे. 21 फेब्रुवारीला लष्कराने बराक्सना वेढा घातला आणि तासन्‌तास गोळीबार चालला. नाविकांना खायला मिळत नाही, हे कळताच लोक फळे, पाव, दूध, शिजवलेले अन्न घेऊन गेटवेवर आले. हिंदू, मुसलमान, पारशी, इराणी हॉटेलवाले, सगळे. जहाजांवरून लहान बोटी आल्या आणि अन्न घेऊन गेल्या. ज्या ताटावरून संप सुरू झाला, ते शहराने असे भरले.

22 तारखेला मुंबई बंद झाली. गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे गेली. परळला कमल दोंदे यांना गोळी लागली आणि त्यांचा मृत्यू झाला. काँग्रेस आणि लीग, दोन्हीकडच्या नेत्यांनी शरण जाण्याचा सल्ला दिला. 23 तारखेला संप संपला. चारशेहून अधिक नाविकांना नोकरीतून काढले गेले. पुढच्याच वर्षी देश स्वतंत्र झाला, फाळणीही झाली. पण त्यांना ना भारताच्या नौदलाने परत घेतले, ना पाकिस्तानच्या. त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता मिळायलाच किती वर्षे गेली!

गोदीत आणि ‘आंग्रे’त सर्वसामान्यांना प्रवेश नाही. तरी मुलांना दाखवण्यासारखे पुष्कळ आहे. गेटवेपासून निघा, लायन गेटवरून पुढे चालत एशियाटिकच्या पायऱ्यांवर बसा आणि ही गोष्ट सांगा. परत येताना कुलाब्याला कूपरेजजवळचे नाविकांचे स्मारक दाखवा.

आणि एक काम घरी करा. कोकणातल्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांच्या पत्र्याच्या पेट्या अजून माळ्यावर आहेत. त्यात नोकरीतून सुटल्याचा कागद, गणवेशातला फोटो, एखादे पदक असू शकते. साफसफाईत ते रद्दीत जाऊ देऊ नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना, विशेषतः दादी-नानींना विचारा: “1946 साली आपले कोण बोटीवर होते? परत आल्यावर ते काय बोलले?” उत्तर त्यांच्याच शब्दांत तारखेसह वहीत लिहून ठेवा. उद्या विचारायला त्या नसतील.