हाजीपूरचे भय आणि त्यावरचे उतारे

हैदराबादच्या ईशान्येस, यादाद्री भुवनगिरी जिल्ह्यातील बोम्मलरामारम मंडळात हाजीपूर नावाचे लहानसे खेडे आहे. 2019 च्या एप्रिलअखेरीस तेथील 14 वर्षांची एक विद्यार्थिनी शाळेतून परतताना वाटेत नाहीशी झाली. तिचे दप्तर एका पडक्या विहिरीपाशी सापडले आणि त्याच विहिरीत तिचे प्रेत पुरलेले आढळले. पाठोपाठ आणखी दोघींचे अवशेष हाती आले: त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बेपत्ता झालेली एक महाविद्यालयीन तरुणी आणि 2015 पासून हरवलेली 11 वर्षांची बालिका. मारेकरी मर्री श्रीनिवास रेड्डी गावातलाच. ज्याच्या मोटारसायकलवर ओळखीच्या विश्वासाने बसावे तोच घातकी निघाल्यामुळे गावाचे भय अधिकच दारुण झाले.

अशा वेळी जो पहिला उपाय सुचवला जातो तो असा, की मुलींना घराबाहेर धाडू नये, शाळा सुटली तरी चालेल, जीव वाचला पाहिजे. या म्हणण्यामागची आईबापांची कळकळ मी नाकारीत नाही. परंतु त्यातील तर्क सर्वस्वी त्याज्य आहे. गावात बस येत नव्हती, म्हणून वाटेत भेटेल त्या वाहनधारकाकडे लिफ्ट मागण्यावाचून या मुलींना गत्यंतर नव्हते, आणि नेमक्या त्याच अगतिकतेचा मारेकऱ्याने फायदा घेतला. मुलगी शिकायला निघाली यात दोष कोणता? दोष असलाच, तर ज्या सरकारने तिच्यासाठी शाळा काढली आणि शाळेपर्यंतची वाट मात्र दैवावर सोपवली त्याचा. हाजीपूरकरांनी बस आणि ओढ्यावरील पूल यांची मागणी केली. शोकाकुल असूनही त्यांनी दुखण्याचे मूळ अचूक हेरले होते.

दुसरा उपाय अधिक लोकप्रिय आहे. शमशाबादजवळील पशुवैद्यक तरुणीच्या हत्येतील चार आरोपी 6 डिसेंबर 2019 रोजी चटनपल्ली येथे पोलिसांच्या गोळीबारात ठार झाले, तेव्हा पोलिसांवर फुले उधळली गेली आणि हाजीपूरच्या शोकग्रस्त कुटुंबांनीही तसाच न्याय मागितला. त्यांचा संताप मला पूज्य आहे, मागणी मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या सिरपूरकर आयोगाने पोलिसांची हकिकत अविश्वसनीय ठरवून, आरोपींना ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्याचा निष्कर्ष काढला. चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन असल्याचेही त्याने नमूद केले. उलट हाजीपूर प्रकरणी नलगोंडाच्या विशेष न्यायालयाने साक्षीपुरावे तपासून, अटकेपासून वर्षही लोटले नसता, 6 फेब्रुवारी 2020 रोजी फाशीची शिक्षा फर्मावली. कायद्याने चालणे म्हणजे कायमची दिरंगाई, हा आक्षेप येथे टिकत नाही. शिवाय चकमकीचा जयघोष करणाऱ्यांना एका गोष्टीचे विस्मरण झाले: त्या पशुवैद्यक तरुणीच्या कुटुंबाला ती बेपत्ता झाली त्या रात्री हद्दीच्या वादापायी एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात फिरावे लागले होते, आणि या विलंबाबद्दल तीन पोलीस निलंबित झाले होते. बंदुकीच्या आवाजात ही चूक ऐकू येईनाशी झाली.

माझा पक्ष हाच आहे: दहशतीवर इलाज करायचा तर तो पहिल्या फिर्यादीपासूनच व्हायला हवा. "पळून गेली असेल, येईल दोन दिवसांनी," हे वाक्य कोणत्या ठाण्यात उच्चारले जात नाही? कित्येकदा अब्रूच्या धाकाने आईबापच ते मनाशी म्हणतात. वास्तविक मे 2013 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते, की बालक हरवल्याची तक्रार अपहरण वा मानवी व्यापार गृहीत धरून गुन्हा म्हणून नोंदवली जावी. त्यानंतर दोन वर्षांनी हरवलेल्या त्या 11 वर्षांच्या बालिकेचा छडा चार वर्षे लागला नाही, आणि त्या अवधीत तिचा मारेकरी त्याच वाटांवरून हिंडत राहिला. 1968 साली मुंबईच्या उपनगरांतील झोपड्यांवर आणि फुटपाथांवर मृत्यूची छाया पसरवणारा रामन राघव अखेर सापडला तो काय गर्दीच्या सूडामुळे? फौजदार अॅलेक्स फियाल्हो यांनी त्याला वर्णनावरून ओळखले, म्हणून.

तेव्हा वाचकहो, तुमच्या वस्तीतील मूल बेपत्ता झाले तर रात्र सरण्याची वाट पाहू नका. हद्दीची सबब ऐकून घेऊ नका. कोणत्याही ठाण्यात फिर्याद नोंदवून घेण्याची तरतूद आज कायद्यातच आहे. फिर्यादीची नक्कल विनामूल्य देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ती हाती पडल्याखेरीज ठाण्याची पायरी उतरू नका.