‘वाघ दिसला का?’ हा प्रश्न आता पुरे

पुण्याला परत आल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय. लिफ्टमध्ये, ऑफिसात, माहेरच्या फोनवर. “वाघ दिसला का?” दिसला म्हटलं की समोरचा खूश होतो. “मग पैसे वसूल!” आम्ही नवरा-बायको बारा दिवस गाडी घेऊन फिरत होतो. त्यातली जेमतेम दहा मिनिटं वाघीण समोर होती. उरलेल्या वेळाबद्दल कुणी चकार शब्द विचारत नाही.

आधी मला हा प्रश्न साधा, कौतुकाचा वाटायचा. आता तो घातक वाटतो. का, ते सांगते.

मार्चचा दुसरा पंधरवडा होता. पुण्याहून छत्रपती संभाजीनगर, तिथून समृद्धी महामार्ग, मेहकरला उतरून लोणार, मग अमरावतीत नणंदेकडे, नागपुरात भाच्याकडे, पुढे ब्रह्मपुरी तालुक्यातलं नवऱ्याचं गाव आणि शेवटी ताडोबा. ऐकायला सहल छान वाटते. पण ती आखली कशी, हे कबूल करायला हवं. आधी सफारीचं बुकिंग झालं. मग त्या तारखांच्या अलीकडे-पलीकडे नातेवाईक बसवले. त्यांच्याकडे रात्री काढल्या की हॉटेलचे पैसे वाचतात आणि ते आणखी एका सफारीत घालता येतात, हा हिशेब मी स्वतः वहीत मांडला होता. नणंद, भाचा, मोठी आई ही आमच्या लेखी मुक्कामाची ठिकाणं होती. जायचं होतं वाघाकडे.

एकदा असं ठरलं की रस्ताही तसाच दिसतो. समृद्धी ७०१ किलोमीटरचा आहे आणि मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. गावं फक्त पाट्यांवर वाचायची. लोणारला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आहे. बेसाल्टच्या खडकात उल्केच्या आघातानं झालेली अशी विवरं जगात फार थोडी. तिथं आम्ही दीड तास थांबलो, कारण अमरावतीला अंधाराआधी पोचायचं होतं. दैत्यसूदनाचं मंदिर राहिलंच. नागपूर सोडून उमरेडच्या रस्त्याला लागलो तेव्हा दोन्ही बाजूंना पळस पेटला होता. मी “थांब ना” म्हटलं. नवरा म्हणाला, “येताना बघू.” येताना आम्ही दुसऱ्या रस्त्यानं आलो.

उमरेडच्या या रस्त्याला लागूनच कऱ्हांडल्याचं जंगल आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला इथल्या अभयारण्यात जिप्सींनी दोन्ही बाजूंनी रस्ता अडवून ‘एफ-टू’ नावाच्या वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना मध्ये कोंडलं होतं. व्हिडिओ सगळीकडे फिरला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. तेव्हा पुण्यात बसून आम्हीही “काय लोक आहेत!” म्हटलं होतं. पाटी मागे गेली तेव्हा गाडीत आम्ही आमच्या सफारीच्या वेळा पुन्हा तपासत होतो.

गावात पोचलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजत आले होते. मोठी आई दारातच उभी होती. सत्तरी ओलांडलेली, माझ्या चुलतसासूबाई. पाणी देण्याआधी तिनं विचारलं, “वाघ पाहाले आले का आमाले पाहाले?” आम्ही हसलो. ती हसली नव्हती.

त्या घरात अंधार पडल्यावर परसाकडची कडी लागते ती उजाडेपर्यंत उघडत नाही. धानाच्या बांधीवर एकटं कुणी जात नाही. मार्च म्हणजे मोहाचे दिवस. बायका पहाटे टोपल्या घेऊन निघतात, त्याही घोळक्यानं, मोठ्यानं बोलत. फुलं वेचायला वाकावं लागतं आणि वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, असं इथं सगळेच सांगतात. शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात १० मे २०२५ ला तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघानं मारल्या. ती बातमी मी वाचलेली होती. मोठी आईच्या ओट्यावर मला ती पुन्हा ऐकायला मिळाली, पण बातमीसारखी नाही. “त्या दिवशी आमीबी रानातच होतो,” एवढंच ती म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली.

मग एकदम म्हणाली, “तुमी पैसे देऊन पाह्यता. आमी त्याच्याच रानात मोह वेचाले जातो.”

तिच्या आवाजात वाघाबद्दल राग नव्हता. राग असेल तर तो आमच्यासाठी होता, आणि तो रास्त होता.

दोन दिवसांनी चिमूरमार्गे कोलारा फाटकातून आत गेलो. पहिल्या तासात पाणवठ्यावर रानकुत्र्यांची जोडी दिसली. रानकुत्रा वाघापेक्षा दुर्मीळ नशीब लागतं तेव्हा दिसतो, असं गाइड म्हणाला. पण मागच्या सीटवरच्या गृहस्थांनी “चलो, टायगर कहाँ है?” म्हटलं आणि गाडी हलली. ताडोबा तलावाजवळून गेलो. इथं तारोबाचं ठाणं आहे. गोंड परंपरेत तारू हा गावचा प्रमुख. वाघाशी झुंजताना तो मेला, त्याचा देव झाला आणि त्याच्याच नावावरून ताडोबा. म्हणजे हे जंगल ज्याचं नाव लावतं, तो वाघाच्या हातून मेलेला माणूस आहे. गाइडनं हे सांगायला सुरुवात केली आणि तेवढ्यात सांबराचा कॉल आला. तारू अर्ध्यावर राहिला, जिप्सी सुसाट.

वाघीण रस्ता ओलांडत होती. दोन्हीकडे गाड्या. मी सीटवर उभी राहिले, पुढच्या बाईच्या खांद्यावरून वाकून बघितलं. अंगावर काटा आला, डोळ्यांत पाणीही आलं. ते खोटं नव्हतं. पण परतताना फाटकावर गाइडच्या हातात टिप ठेवताना नवरा म्हणाला, “दिसला म्हणून पाचशे, नाहीतर दोनशेच दिले असते.” तिथं मला सगळं लख्ख दिसलं.

कऱ्हांडल्यात रस्ता अडवला तो काही राक्षसांनी नाही. तो आमच्यासारख्यांनीच अडवला. गाइडचे तीनशे रुपये वाघावर अवलंबून असतील, तर तो गाडी पळवणारच. जिप्सीवाल्याला पुढचं गिऱ्हाईक “याच्याबरोबर गेलो तर दिसतो” या ख्यातीवर मिळत असेल, तर तो मागे हटणार नाही. आणि पर्यटकाला लिफ्टमध्ये “दिसला का?” याचं उत्तर द्यायचं असतं. दंड, निलंबन, न्यायालय हे सगळं हवंच. पण मागणी आपल्या दिवाणखान्यातून सुरू होते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: पर्यटन आहे म्हणून वाघ आहे. त्यात तथ्य आहे. ताडोब्याच्या भोवतालच्या गावांत शेकडो मुलं गाइड आणि चालक झाली, गाव सोडून गेली नाहीत. हे मी नाकारत नाही. पण ताडोबा-अंधारी प्रकल्प साधारण १७२७ चौरस किलोमीटरचा. वाघ त्या रेषेत राहत नाही. ब्रह्मपुरीच्या जंगलात प्रकल्पाबाहेर भरपूर वाघ आहेत. मोठी आईच्या गावाला फाटक नाही. फाटक नाही म्हणून जिप्सी नाही, गाइडची नोकरी नाही, रिसॉर्टमध्ये भाजी विकायची सोय नाही. वाघ मात्र आहे. पैसा एका गावाला मिळतो आणि भीती दुसऱ्या गावाच्या वाट्याला येते. माणूस गेला तर सरकार २५ लाख देतं. ते द्यायलाच हवेत. पण ते माणूस गेल्यावर मिळतात. जिवंत असताना त्या बायकांना मोहाऐवजी दुसरं काय मिळतं, हे विचारायला कुणी जिप्सीतून उतरत नाही. तिकिटाचा वाटा फाटकापाशी थांबता कामा नये, ही मागणी आपण पर्यटकांनीच करायला हवी, कारण तिकीट आपण काढतो.

दुसरं उत्तर असतं: सुट्टीवर गेलेल्या माणसाला हे ओझं कशाला? मान्य, सुट्टी सुट्टीसारखी असावी. पण आम्ही घेतली ती सुट्टी तरी होती का? पळस बघितला नाही, दैत्यसूदन बघितला नाही, रानकुत्रे अर्धवट, तारूची गोष्ट अर्धवट, नणंदेशी धड दोन तास बोलणं नाही. वाघाच्या नादात आमचंच नुकसान झालं.

म्हणून आम्ही घरात काही ठरवलंय. टिप गाइडच्या ज्ञानाला द्यायची, वाघाला नाही. पुढच्या वेळी आधी माणसांच्या तारखा घ्यायच्या, मग जंगलाच्या. मोठी आईकडे चार दिवस राहायचं, तेही तिला सवड असेल तेव्हा, आपल्या बुकिंगप्रमाणे नाही.

आणि कुणी ताडोब्याहून परत आलं, तर वाघाचं विचारायचं नाही. रानात काय फुललं होतं, कुणाकडे उतरलात, त्या गावात दारं किती वाजता लागतात, हे विचारायचं. उत्तर देता आलं नाही, तर वाघ बघूनही त्यांनी फारसं काही बघितलेलं नाही. आमचं या वेळी तेच झालं.