विश्लेषण : ‘सिलोन’ दालचिनीला युरोपचं मानांकन, पण ती सोलणार कोण?

युरोपियन युनियनने फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘सिलोन सिनॅमन’ला भौगोलिक मानांकन (जीआय) दिलं. श्रीलंकेच्या एखाद्या उत्पादनाला युरोपात मिळालेलं हे पहिलंच मानांकन. याच सालीसाठी युरोपीय सत्तांनी श्रीलंकेच्या किनाऱ्यावर तीन शतकं मक्तेदारी गाजवली होती. आज श्रीलंकेकडे झाडं आहेत, नाव आहे आणि गिऱ्हाईकही आहे. कमतरता आहे ती साल सोलणाऱ्या माणसांची. ही माणसं का मिळत नाहीत, हे समजून घ्यायला त्या तीन शतकांकडे पाहावं लागतं.

आपल्या डब्यात असते ती कोणती?

बहुतेक वेळा कॅसिया. जाड, कडक, एकाच पदराची ही साल मुख्यतः चीन, व्हिएतनाम आणि इंडोनेशियातून येते. सिलोन दालचिनी पातळ असते, एकात एक गुंडाळलेल्या पदरांची आणि बोटांनी मोडता येणारी. कॅसियात कूमारिन हे द्रव्य कितीतरी जास्त असतं आणि ते मोठ्या प्रमाणात पोटात गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. भारतातही दोन्हींची मानकं वेगळी आहेत, दुकानात मात्र दोन्ही ‘दालचिनी’च. (गंमत म्हणजे हा शब्द फारसी ‘दारचिनी’वरून आलाय, म्हणजे चिनी लाकूड!)

सिलोनचे ते पातळ पदर यंत्रातून निघत नाहीत. फांदीची वरची साल खरवडायची, पितळी दांड्याने घासून आतली साल सैल करायची आणि मग ती सुरीने अखंड सोडवायची. हात बसायला बराच काळ जातो.

मक्तेदारी चालायची कशी?

पोर्तुगीज १५०५ च्या सुमारास श्रीलंकेत पोहोचले. तेव्हा दालचिनीच्या बागा नव्हत्या, झाडं रानात वाढायची. त्यामुळे नुसता किनारा ताब्यात घेऊन भागणार नव्हतं, रानातून साल काढून आणणारे हातही ताब्यात हवे होते. हे काम सलागम जातीकडे होतं. राजाकडून जमीन आणि त्या बदल्यात सेवा, या ‘राजकारिय’ पद्धतीत ते बांधलेले होते. पोर्तुगिजांनी ही पद्धत मोडली नाही, उलट तिचा फास आवळला.

त्यांना हुसकावण्यासाठी कँडीचा राजा राजसिंह दुसरा याने १६३८ मध्ये डचांशी करार केला. डचांनी १६५६ मध्ये कोलंबो जिंकलं आणि स्वतःकडेच ठेवलं. ‘आलं देऊन मिरची घेतली’ ही सिंहली म्हण याच सौद्याला लावली जाते. चोरून दालचिनी विकणाऱ्याला किंवा झाड तोडणाऱ्याला डच राजवटीत देहदंड होता. साल सोलणारे पळून कँडीच्या राज्यात जायचे. दुसरीकडे, भाव पडू नये म्हणून १७६० मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये दालचिनीचे साठे जाळण्यात आले. त्याच सुमारास श्रीलंकेत बंड पेटलं आणि कँडीशी युद्ध झालं. कँडीच्या रानावर अवलंबून राहणं परवडत नाही हे कळल्यावर डचांनी १७६९ मध्ये कोलंबोत लागवड सुरू केली. शहरातला ‘सिनॅमन गार्डन्स’ हा आजचा उच्चभ्रू भाग त्याच बागांवरून ओळखला जातो.

ब्रिटिशांनी १७९६ मध्ये किनारा घेतला, १८३२ मध्ये राजकारिय आणि १८३३ मध्ये मक्तेदारी संपवली. तोवर स्वस्त कॅसियाने बाजार खाल्ला होता आणि मळेवाले कॉफीकडे वळत होते.

मग आज अडचण काय?

कायदा गेला, पण शिक्का राहिला. साल सोलणं म्हणजे जातीचं, कमी दर्जाचं काम, हा समज अजून पुसलेला नाही. दिवसभर जमिनीवर बसून काम करावं लागतं, तेही अनेकदा जुनाट शेडमध्ये. तरुण पोरांना शहरातली किंवा आखातातली नोकरी बरी वाटते, आणि त्यांना दोष कसा देणार?

म्हणूनच कोसगोडा इथे दालचिनी प्रशिक्षण संस्था उभी राहिली आहे. तिथे सोलण्याचं कौशल्य जातीने न येता प्रमाणपत्राने मिळतं. कामाची जागा स्वच्छ आणि बसायची सोय नीट असावी, यावरही भर आहे. माल युरोपच्या निकषांवर उतरायला हे लागतंच. मानांकनामुळे वाढणाऱ्या किमतीतला किती वाटा सोलणाऱ्याच्या हातात पडेल, हे मात्र मानांकनाच्या कागदावर लिहिलेलं नसतं.