बर्फ आहे का हो?

गुलमर्गला निघालेल्या मराठी माणसाचा प्रश्न बारा महिने एकच असतो: "बर्फ आहे का हो?" जानेवारीत विचारला तर समजू शकतो. पण जूनमध्येही तोच! आणि बर्फ नसला की ट्रिप फुकट गेली. हिवाळ्यात कोर्ससाठी आणि उन्हाळ्यात कुटुंबासोबत, असा दोन्ही ऋतूंत मी तिथे राहिलो आहे. या प्रश्नाची मला चीड आहे. ती का, ते सांगतो.

सध्या पोस्टिंग कोलकात्यात आहे. हे लिहितोय बजबजच्या घाटावर बसून. समोर हुगळी, पलीकडे बाउरिया. समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम काही मीटर. इथला माणूस काय, आपला डोंबिवलीचा काय, समुद्राकाठची फुफ्फुसं घेऊन विमानात बसतो आणि दुसऱ्या दिवशी गंडोल्याच्या दुसऱ्या टप्प्याने थेट अफरवटवर, 3,900 मीटरच्या वर पोचतो. तिथे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन इथल्या साधारण 60 टक्के.

फौजेत 9,000 ते 12,000 फुटांची सवय व्हायला 6 दिवस देतात. त्यातले पहिले 2 दिवस नुसती विश्रांती. त्याच्या वर जायचं तर आणखी 4 दिवस. हा नियम विशीतल्या धडधाकट जवानासाठी आहे. आपण मात्र बायपास झालेल्या काकांना "पुन्हा कधी येणं होणार?" म्हणत एका सकाळीत वर नेतो.

कोणी म्हणेल, अर्धा तास थांबून खालीच येतो ना! खरं आहे, बहुतेकांना काही होत नाही. पण ज्याला होतं, त्याला खाली कसं आणायचं याचा विचार तिकीट काढताना कोणी करत नाही. वारा वाढला की गंडोला बंद ठेवतात. तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याशी हुज्जत घालणाऱ्यांत मराठी आवाज मी स्वतः ऐकले आहेत.

बर्फ कोणाची गय करत नाही. हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचं मूळ 1948 सालच्या गुलमर्गच्या स्की स्कूलमध्ये आहे. बर्फात चालायचं, लढायचं, वाचायचं कसं, हे फौज तिथेच शिकते. त्याच स्कूलच्या तुकडीवर 8 फेब्रुवारी 2010 रोजी खिलनमर्गला हिमकडा कोसळला आणि 17 जवान गेले. 2023 च्या फेब्रुवारीत अफरवटवर दोन पोलिश स्कीअर गेले, 2024 च्या फेब्रुवारीत एक रशियन. ही सगळी बर्फ जाणणारी माणसं होती. आणि आपण भाड्याचे गमबूट घालून, सेल्फीसाठी दोरी ओलांडून पुढे जातो. दबलेल्याला उकरून काढायला जो जातो, तोही त्याच उतारावर जीव टांगणीला लावतो. तो कोणाचा तरी मुलगा असतो.

म्हणून माझं म्हणणं उलटं आहे: आधी उन्हाळ्यात जा. बर्फ उतरला की डोंगर वाचता येतो. देवदारांच्या रानात मध्येच झाडं नसलेले उभे पट्टे दिसतील. हिमकडे सहसा अशाच वाटांनी उतरतात. खाली वाहणारे ओढे दिसतील. ते पाणी झेलमला, भातशेतीला, सफरचंदाच्या बागांना जातं. 2024 च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं पडलं होतं. आपल्याकडे चर्चा बुकिंग रद्द करावं की नाही याची होती. तिथल्या शेतकऱ्याला घोर होता तो उन्हाळ्यातल्या पाण्याचा.

जरूर जा, मुलांना घेऊन जा. पण गुलमर्गला किमान दोन रात्री काढा, मगच दुसऱ्या टप्प्याचं तिकीट घ्या. हृदयाचा, दम्याचा त्रास असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वर जाऊ नये. हिमकड्याचा इशारा असेल तर हॉटेलात बसून कहवा प्या. आणि फोन करून बर्फ विचारायचाच असेल, तर सोबत वारा किती आहे आणि वर जायला परवानगी आहे का, तेही विचारा.