मांडवाबाहेरचा सदरा

जालना जिल्ह्यात कापसाचे बियाणे तयार होते, कापूस पिकतो, जिनिंगमध्ये त्याची सरकी वेगळी होते आणि गाठी बांधून तो बाहेर जातो. परत येतो तेव्हा त्याचा शर्ट झालेला असतो, बहुतेक वेळा पॉलिएस्टर मिसळलेला, आणि गळ्याच्या पट्टीवर दुसऱ्याच शहराचे नाव असते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात ‘महिको’ सुरू केली. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला पहिल्यांदा परवानगी मिळाली ती याच कंपनीच्या वाणांना. कापसाच्या आरंभाचे ज्ञान या जिल्ह्याकडे आहे, याविषयी शंका नाही. पण पैसा कुठल्या टोकाला साचतो ते पाहू. शंभर किलो कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते. सूतकताई आणि विणाईतली घट धरली आणि एका सदऱ्याला साडेतीनशे ग्रॅम कापड लागते असे मानले, तर एका क्विंटलमध्ये सत्तर-ऐंशी सदरे होतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. सरकीची किंमत वेगळी काढली नाही तरी एका सदऱ्यामागे शेतकऱ्याच्या पदरात शंभर-एकशे पंधरा रुपये पडतात. दुकानात त्या सदऱ्याची किंमत काय असते ते वाचकांना ठाऊक आहे. मधला सगळा पैसा कताई, विणाई, शिलाई आणि विक्री यांच्या वाट्याला जातो, आणि या चारही गोष्टी बहुतांशी जिल्ह्याबाहेर होतात.

यांपैकी सूतगिरणीला कोट्यवधींचे भांडवल लागते आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी सहकारी सूतगिरण्या तोट्यात जाऊन बंद पडल्याचे आपण पाहिले आहे. शिलाईला मात्र मशीन, हात आणि डोके पुरते. म्हणून जालन्याने कापसाच्या साखळीतली आणखी एक कडी आपल्याकडे आणायची असेल तर ती शिलाईची आणावी, असे मला वाटते. तिथेही नेहमीचे शर्ट-पँट शिवून तिरुप्पूर किंवा बांगलादेशाशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. त्या शर्यतीत लाखो नगांचा कारखानासुद्धा पैशा-दोन पैशांच्या नफ्यासाठी धापा टाकतो. आपण शिवावे ते सदरा, बंडी, कोपरी, बाराबंदी, बंद गळ्याचा कोट. पुरुषांचे हे जुने कपडे आज मुख्यतः दोनच ठिकाणी उरले आहेत. एक, म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या अंगावर, आणि दोन, लग्नाच्या मांडवात. या दोन टोकांच्या मधे, रोज कामाला जाणाऱ्या तिशी-चाळिशीच्या माणसासाठी त्या कपड्याचा विचारच कुणी केलेला नाही. मोठ्या कारखान्याला तो करणे परवडत नाही. चार-पाच मशीनच्या छोट्या शिवणाऱ्याला परवडते.

हे पटायला आधी त्या कपड्याच्या रचनेकडे पाहावे लागते. जुना सदरा जवळजवळ सरळ रेषांत बेतलेला असतो. पुढचा-मागचा भाग आयताकृती, बाही आयताकृती, घेरासाठी बाजूला कळ्या आणि बगलेखाली एक चौकोनी तुकडा, ज्याला चौबगला म्हणतात. त्या छोट्या तुकड्याचे काम फार मोठे आहे. डोक्यावर ओझे घेताना, गाडीत पेंढ्या चढवताना, वखराला वळण देताना हात वर जातो, पण सदरा वर ओढला जात नाही आणि बगलेत उसवतही नाही. आजचा स्वस्त तयार शर्ट घालून दोन्ही हात वर केले की तो पँटमधून निघून येतो, कारण सर्वांना बसावा म्हणून त्याची बगल खाली उतरवलेली असते. बाराबंदीला बटण नाही. छातीवर कापडाचे दोन पदर एकमेकांवर येतात आणि बंदांनी बांधले जातात. त्यामुळे माणूस वाळला किंवा पोट सुटले तरी बंद मागेपुढे करून तोच कपडा वर्षानुवर्षे चालतो, आणि छातीला थंडीत दुहेरी कापड मिळते. वळणदार कटिंगमध्ये साधारण पंधरा टक्के कापड वाया जाते असे धरतात. आयतांच्या बेतात ते प्रमाण अगदीच कमी. हे सगळे शहाणपण शतकानुशतके कपडे शिवणाऱ्यांनी अंगावर पाहून, उसवून, पुन्हा शिवून मिळवलेले आहे. ते कुठल्या पुस्तकात नीट लिहून ठेवलेले नाही. जुन्या शिंप्यांच्या हातात आहे तेवढेच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे घालणार कोण? तरुणांना जीन्स हवी. आक्षेप खरा आहे, पण पूर्ण खरा नाही. सोलापुरात मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते, आणि त्यात चालणारे लोक पांढरीशुभ्र बाराबंदी घालतात. त्यांत कॉलेजातली मुले असतात, नोकरदार असतात. यात्रा जवळ आली की तिथल्या शिंप्यांकडे बाराबंद्यांची रीघ लागते. म्हणजे बाराबंदी शिवणारे हात तिथे टिकले, कारण दरवर्षी येणारी मागणी टिकली. दुसरा पुरावा तर आपल्या प्रत्येक तालुक्याच्या बाजारपेठेत टांगलेला दिसतो: बिनबाह्यांचे, बंद गळ्याचे जाकीट. भोकरदन असो वा परतूर, लग्नसराईत आणि निवडणुकीच्या दिवसांत त्याचा खप पाहावा. ते बंडीचेच पुढचे रूप आहे, आणि ते घालताना कुणाही तरुणाला आपण जुनाट दिसतो असे वाटत नाही. तेव्हा अडचण आवडीची कमी आणि मिळण्याची जास्त आहे. दुकानात एकीकडे जरीने मढवलेली, भाड्याने मिळणारी शेरवानी आहे आणि दुसरीकडे पातळ कापडाचा, धुतल्यावर आखडणारा कुर्ता. ‘मान्यवर’सारख्या कंपनीने लग्नाच्या कपड्यांचा बाजार केवढा आहे हे दाखवून दिले. तिची मालक कंपनी २०२२ मध्ये शेअर बाजारात गेली. पण लग्न आयुष्यात एकदाच होते. उरलेल्या दिवसांसाठीचा बाजार मोकळा पडला आहे.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो. परंपरेचा कपडा आहे, त्यात फेरफार का करायचा? जसा होता तसा ठेवा. हा आक्षेप घेणाऱ्यांची कळकळ मला समजते, पण इतिहास त्यांच्या बाजूने नाही. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि त्या संस्थानाची ओळख असलेली शेरवानी ही एकोणिसाव्या शतकात घडलेली, अंगरख्याचा घाट आणि युरोपीय कोटाचा बेत एकत्र आणून शिवलेली. लोकमान्य टिळकांच्या छायाचित्रांत अंगरखा, उपरणे, पगडी दिसते. पुढच्याच पिढीत खादीचा सदरा आणि गांधी टोपी आली, आणि आज खेड्यातल्या ज्या पांढऱ्या पोशाखाला आपण अस्सल म्हणतो तो बराचसा १९२० नंतरचा आहे. बंदांच्या जागी बटणे आली, बटणांसाठी पट्टी आली, पट्टीमुळे गळ्याचा आकार बदलला. प्रत्येक वेळी कुणीतरी शिवणाऱ्याने गिऱ्हाइकाची गरज ओळखून बेत बदलला. तो बदल थांबला तेव्हा हा कपडा मांडवापुरता उरला. शुद्धतेच्या आग्रहाने आपण त्याला संग्रहालयातली जागा देऊ शकू, माणसाच्या अंगावरची देऊ शकणार नाही.

आता जालन्यापुरते बोलू. हा जिल्हा सळयांचा आहे. इथल्या भट्ट्या आणि रोलिंग मिल यांच्यासमोर हजारो कामगार उभे राहतात, त्यांत परप्रांतीयही पुष्कळ. त्यांच्या अंगावर बरेचदा पॉलिएस्टर मिसळलेला शर्ट असतो, कारण तो स्वस्त आणि इस्त्री न लागणारा. ठिणगी उडाली की सुती कापड जळते, पण पॉलिएस्टर वितळते आणि कातडीला चिकटते. भाजलेली जखम त्याने खोल होते. जाड सुती कापडाची, दुहेरी छातीची, बंद गळ्याची बंडी किंवा कोपरी हा या कामगारांसाठी नुसता छान दिसणारा कपडा नाही, गरजेचा कपडा आहे. अर्थात भट्टीच्या अगदी तोंडाशी काम करणाऱ्याला खास अग्निरोधक पोशाखच हवा. साध्या सुती कपड्याने त्याची जागा घेता येणार नाही. पण आवारात वावरणाऱ्या, माल उचलणाऱ्या, मेच्या उन्हात चाळीस अंशांवर ट्रक भरणाऱ्या माणसांची संख्या त्याहून मोठी आहे. इथेच एक खरी अडचण समोर येते. ढगळ बाही आणि लांब घेर यंत्रात अडकतो. मळणीयंत्रात सदऱ्याची बाही अडकून हात गेल्याच्या बातम्या मराठवाड्याला नव्या नाहीत. म्हणून जुना सदरा जसाच्या तसा कामगाराला देणे चूक ठरेल. चौबगला ठेवावा, घेर कमी करावा, बाही कोपरापर्यंत आणावी, लोंबणारे बंद काढून बाजूला सपाट बक्कल किंवा झाकलेले बटण लावावे, खिसा आतून द्यावा. जुन्या बेतातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हा निर्णय कपडा अंगावर घालून काम करून पाहिल्याशिवाय होत नाही. एक नमुना शिवावा, महिनाभर वापरायला द्यावा, कुठे उसवला ते पाहावे, बेताचा कागदी फर्मा बदलावा. मोठ्या शहरातल्या डिझायनरला हे दूरवरून साधणार नाही. भट्टीपासून दोन किलोमीटरवर दुकान असलेल्या शिंप्याला साधेल.

कापडाचा प्रश्नही जवळपास सुटण्यासारखा आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने देशी कापसाचे वाण काढले आहेत, त्यांत ‘परभणी तुराब’ म्हणजे पीए २५५ आणि ‘विनायक’ म्हणजे पीए ४०२ ही नावे शेतकऱ्यांना माहीत आहेत. आज देशातल्या कापसाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी संकरित वाण आहेत आणि देशी कापसाला गिऱ्हाईक नाही म्हणून तो पेरला जात नाही. पण पाण्याचा ताण सोसण्यात देशी कापूस सरस, आणि जाड, घाम शोषणाऱ्या कापडाला त्याचे सूत चालते. सदरा आणि बंडीला तेच तर हवे. कोटाला जरा भारदस्त कापड लागले तर शेजारी छत्रपती संभाजीनगरात हिमरू आहे, सुती ताणा आणि रेशमी बाणा असलेले, एके काळी शेरवान्यांसाठीच विणले जाणारे. संपूर्ण कोट हिमरूचा केला तर तो पुन्हा मांडवात जाईल. गळपट्टी आणि आतल्या पट्टीपुरते वापरले तर माणूस तो कचेरीत घालेल आणि विणकरालाही थोडे पण वर्षभर काम मिळेल.

किमतीचा आक्षेप सर्वांत जड आहे आणि त्याला गोड बोलून टाळता येत नाही. हाताने बेतलेला सदरा कारखान्यातल्या शर्टाहून महाग पडणारच. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्यापुढच्या कपड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. अस्तर लावलेला बंद गळ्याचा कोट अडीच हजारांत बसवणे कठीण. राज्यातल्या राज्यात वर्षाला चाळीस लाखांच्या आत माल विकणाऱ्यावर नोंदणीची सक्ती नसते, त्यामुळे अगदी लहान शिवणारा यातून सुटतो, पण जरा वाढला की सापडतो. हा कर ठरवताना लग्नातला भपकेबाज कपडा डोळ्यांसमोर असावा. सुती कोटाला त्यातून वेगळे काढायला हवे. तरीही किमतीची तुलना करताना वापराचे दिवस मोजावेत. मापाने शिवलेला, शिवणीत दोन बोटे कापड राखलेला सदरा सैल-घट्ट करता येतो, काठ झिजला तर उलटवता येतो. आणि मापाची गोष्ट क्षुल्लक नाही. आपल्या देशाला तयार कपड्यांसाठी स्वतःचा मापतक्ता नव्हता. तो तयार करण्यासाठी ‘निफ्ट’ या फॅशन-शिक्षण संस्थेने सहा शहरांतल्या सुमारे पंचवीस हजार लोकांची मापे घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्या सहा शहरांत मराठवाड्यातले एकही नाही. घनसावंगीच्या शेतकऱ्याचे रुंद खांदे आणि सपाट पोट कुठल्या तक्त्यात आहे? शिंप्याच्या मापाच्या वहीत आहे.

सरकार काहीच करत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत शिंप्याचा समावेश आहे, अवजारांसाठी १५ हजार रुपये मिळतात आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचे कर्ज. राज्याचे २०२३ ते २०२८ चे वस्त्रोद्योग धोरण आहे, आणि पीएम मित्र योजनेतले मोठे वस्त्रोद्यान अमरावतीला मिळाले आहे. पण उद्यान मोठ्या गिरण्यांसाठी असते आणि विश्वकर्मा योजना मशीन देते. मशीन मिळालेला शिंपी त्यावर शाळेचे गणवेश आणि ब्लाउजच शिवणार, कारण दुसरे काही शिवायला त्याच्याकडे फर्मा नाही. सदऱ्याचे, बंडीचे, बाराबंदीचे, कोटाचे, पाच-सहा मापांतले, काम करून तपासलेले कागदी फर्मे कुणीतरी तयार करून जिल्ह्यातल्या प्रत्येक शिवणाऱ्याला फुकट द्यायला हवेत. एका आयटीआयच्या शिवण विभागाला दोन जुने शिंपी मानधनावर जोडून दिले तर हे काम वर्षभरात होण्यासारखे आहे, आणि त्याला लागणारा पैसा जिल्हा नियोजन समितीच्या हिशेबात किरकोळ आहे. मोसंबीला जालन्याच्या नावाचे भौगोलिक मानांकन मिळवताना शेतकरी, अधिकारी आणि शास्त्रज्ञ एकत्र बसले होतेच.

मागणीसाठी सुरुवातीला दूर जावे लागणार नाही. जांब समर्थला आणि राजूरच्या गणपतीला येणारी भजनी मंडळे, आषाढीला निघणाऱ्या दिंड्या एकसारखे पांढरे कपडे घाऊक दुकानांतून आणतात. स्टील कंपन्या कामगारांना वर्षाला गणवेश देतात. यांतल्या एखाद्या कंपनीने पुढच्या वर्षी पन्नास कोपऱ्या स्थानिक शिंप्यांकडून शिवून घ्याव्यात, सहा महिने वापरून पाहाव्यात आणि कामगारांनी त्यांत काय खोट काढली ते शिवणाऱ्याला स्पष्ट सांगावे.